लॉग म्हणतो, पाठवला

३ जानेवारी २०१९, गुरुवार

आजही बाबांना नंबर नाही! सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात जाऊन बसलो. एकेक करून सगळ्या मशिनी सुरू झाल्या आणि काउंटरवरच्या शोभाताईंनी काचेमागून नुसती मान हलवली. मग गाडी करून जळगाव. तिथे डायलिसिस होतं, पण जाऊन येऊन माणूस अर्धा होतो. परतताना रावेरजवळ बाबांना उलटी झाली. मी रस्त्याच्या कडेला त्यांची पाठ चोळत होते आणि ते विचारत होते, "तुझ्या कपड्यांवर तर नाही ना उडालं?" जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, आजारपणातसुद्धा दुसऱ्याची इस्त्री मोडू नये याची काळजी.

ट्रस्टच्या दवाखान्यात मशिनी मोजक्या. ज्यांची जागा पक्की, त्यांना आदल्या संध्याकाळी मोबाइलवर मेसेज जातो: उद्या तुमचा नंबर आहे, मिस्ड कॉल द्या. मिस्ड कॉल आला नाही तर ती जागा वेटिंगवाल्याची. सोमवार-गुरुवारच्या वेटिंगमध्ये बाबा पहिले आहेत. पक्की जागा कधी मिळते? कोणाला किडनी मिळाली तर, नाहीतर कोणी गेलं तर. किडनी मिळालेला माणूस मी अजून इथे पाहिलेला नाही. म्हणजे आम्ही कशाची वाट बघतोय ते उघड आहे. घरात कोणी बोलत नाही, एवढंच.

आणि हे मेसेज पाठवणारी वेबसाइट कोणी लिहिली? मीच. पुण्याची नोकरी सोडून बाबांसाठी आमच्या गावी, बुधवारा पेठेत परत आले, तेव्हा ट्रस्टच्या वामनरावांनी हे काम दिलं. आधी शोभाताई सगळ्यांना स्वतः फोन करायच्या. मग त्या ओळखीच्यांना आधी बोलावतात अशी ओरड झाली. वामनराव म्हणाले, "अब फोन-वोन बंद. कॉम्प्युटर कोणाचा काका नाही, मामा नाही." मला ते पटलं होतं. अजूनही पटतं, पण पोरगी सिस्टिम लिहिते आणि बाप बाकावर बसतो.

४ जानेवारी

साइटनं नवा घोळ घातलाय. काहींना एकच मेसेज दोनदा, तीनदा जातोय. शनवाऱ्याच्या एका आजींनी प्रत्येक मेसेजला मिस्ड कॉल दिला आणि त्यांच्या नावावर तीन मशिनी लागल्या! शोभाताई फोनवर इतक्या भडकल्या होत्या की मी मोबाइल कानापासून लांब धरला. "तेरी मशीन पागल हो गई है, आके देख!"

माझ्या लॅपटॉपवर सगळं शहाण्यासारखं चालतं. वेड लागतं ते फक्त दवाखान्याच्या सर्व्हरवर. म्हणजे तिथेच डिबग मोड बसवायला हवा. एरवी प्रोग्रॅम मुकाट्यानं काम करतो. डिबग मोडमध्ये त्याला बोलायला लावायचं, आता मी हे केलं, आता ते केलं. हवं त्या ओळीवर थांबवायचं, पोटात काय आहे ते बघायचं, पुढे सोडायचं. आणि तो जे बोलला ते सगळं लॉगमध्ये उतरवायचं.

चालू सर्व्हरवर असं करत नाहीत. पुण्यात कोणी केलं असतं तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं. पण इथे दुसरा सर्व्हर आहेच कुठे? वामनरावांना विचारलं तर म्हणाले, "जो करना है कर, काम रुकना नहीं चाहिए."

५ जानेवारी

डिबग मोड बसला. चाचणीसाठी खोटे पेशंट लागतात. त्यांना खरोखरचा मेसेज जायला नको, नाहीतर मी काहीतरी नंबर टाकायचे आणि कोण कुठला माणूस दचकून उठायचा. म्हणून नियम लिहिला: डिबग मोड चालू असेल आणि नाव चाचणीच्या नावांपैकी असेल, तर मेसेज पाठवू नकोस, लॉगमध्ये फक्त "पाठवला" असं लिही आणि पुढे चल. पुढच्या पायऱ्या तपासायच्या तर त्याला पाठवल्यासारखं वाटलं पाहिजे ना!

खरं तर चाचणीच्या पेशंटसाठी वेगळा रकाना करायला हवा. घाईत नावांवरच भागवलं. मात्र नावं अशी हवीत की खऱ्या यादीत कोणाचीच नसतील. आई मेथी निवडत होती. तिला म्हटलं, आता कोणीच ठेवत नाही अशी नावं सांग. ती सुरूच झाली: उखर्डू, कडू, दगा, गोटू, धुरपदा. "तुझ्या पणजोबांच्या भावाचं नाव उखर्डू होतं. आधीची पोरं जगली नाहीत. मग हा झाल्यावर त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला आणि परत उचलून आणला. यमाला वाटावं, टाकून दिलेलं पोर आहे, हे कशाला न्यायचं."

बाबा खाटेवरून म्हणाले, "माझं पण बदला काहीतरी. सुधाकर नाव यमाला फार आवडलेलं दिसतंय." आई त्यांच्यावर मेथीची काडी फेकून मारणार होती. मी हसले आणि नावं टाईप केली. यादीत शोधून पाहिलं, त्यातलं एकही नाही. छान.

८ जानेवारी

सापडला! मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडून पोच यायला उशीर झाला की आमचा प्रोग्रॅम समजायचा, गेलाच नाही, पुन्हा पाठव. दुरुस्त केलं. डिबग मोड बंद करणार होते, पण या आठवड्यात शाहपूरच्या दवाखान्याची यादी आमच्यात येणार आहे. तिथलं एकुलतं एक मशीन बंद केलं, तिथले पेशंट आता इकडे. ट्रस्टनं दोन्हीकडचं सगळं एक करायचं ठरवलंय. म्हटलं, यादी जोडताना काही बिघडलं तर डिबग चालू असलेला बरा.

१० जानेवारी

पुन्हा जळगाव. बाबांना रात्री आडवं झोपवत नाही, दम लागतो. भिंतीला टेकून बसतात. पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. पाणी छोट्या वाटीनं मोजून देते. ते वाटीकडे असं बघतात की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

१३ जानेवारी

शाहपूरची यादी जोडली. एकही चूक नाही. स्वतःवर खूश.

१४ जानेवारी, सोमवार

बाबांना नंबर मिळाला! शाहपूरकडच्या कोणाचा तरी मिस्ड कॉल आला नाही. जागा आपोआप वेटिंगवर गेली, वेटिंगमध्ये पहिले बाबा. काल संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर मेसेज वाजला तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली. मिस्ड कॉल मीच दिला. आपणच लिहिलेल्या मेसेजनं कोणी असं रडतं का? मी रडले.

दुपारी बाबा घरी आले तेव्हा चेहरा उतरला होता, पण जिना स्वतः चढले.

१७ जानेवारी, गुरुवार

आज पुन्हा बाबांचा नंबर लागला! आई म्हणते, देव पावला.

बाबा मशिनीवर असताना काउंटरवर भांडण झालं. शाहपूरजवळच्या खेड्यातली एक बाई, कोकिळाबाई नाव. नवऱ्याला बाकावर बसवून काचेवर हात मारत होती. सोमवारी पण आलो, परत पाठवलं, आज पण तेच. शोभाताई म्हणाल्या, मिस्ड कॉल का नाही दिला? "मेसेज आलाच नही तं मिस कॉल कशावर देऊ माय? मी मोबाइल कमरेलेच बांधेल व्हता, रातभर."

शोभाताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, ही मॅडम सांगेल. मी लॅपटॉप उघडला. नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं तर पदर पुढे ओढून म्हणाली, "महाजन लिहा." अहो, महाजन यादीत ढिगानं आहेत! पण नवऱ्याचं नाव घेईल तर शपथ. शेवटी दवाखान्याचं कार्ड पुढे केलं. नावाची जागा घामानं पुसलेली, नंबर तेवढा वाचता येत होता. लॉगमध्ये नावं नसतात, कार्डाचे नंबरच असतात, म्हणून तो टाकला. तारीख बरोबर, वेळ बरोबर, पुढे लिहिलेलं: पाठवला.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिला वाचता येत नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं. म्हटलं, "बाई, मेसेज गेलाय. दोन्ही वेळा गेलाय. तुमच्या मोबाइलला रेंज नसेल नाहीतर तुम्हाला बघता आला नसेल. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." ती म्हणाली, "मग मी बोलते का खोटं?" बाबांचं मशीन संपत आलं होतं, मी तिकडे गेले.

शोभाताईंनी संध्याकाळच्या शेवटी त्या माणसाला थोडा वेळ मशीन लावून दिलं. मनानं चांगल्या आहेत त्या.

१९ जानेवारी

बाबा आज आडवे झोपले! दोन जागा पाठोपाठ मिळाल्या त्याचा गुण. दुपारी वरणात लिंबू पिळून मागितलं. पेपर वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, म्हणजे माणूस ठणठणीत.

मग म्हणाले, "बेटा, तो कोण आहे जो येत नाही? त्याला येता का येत नसेल?" मी म्हटलं, नसेल मिस्ड कॉल देत, तुम्ही झोपा.

२० जानेवारी, रविवार

हात चालत नाहीये, तरी लिहिते.

दुपारी डिबग मोड आवरायला बसले. चाचणीचे पेशंट पुसायचे होते. "उखर्डू" शोधलं. दोन आले. एक माझा, पत्ता बुधवारा, मीच काहीतरी लिहिलेला. दुसरा उखर्डू महाजन, शाहपूरच्या पलीकडचं गाव, खरा मोबाइल नंबर, जागा सोमवार-गुरुवार. माझं बोट पुसण्याच्या बटणावर होतं. मला वाटलं माझाच दुसरा आहे. मग कार्डाचा नंबर वाचला. त्याच बाईचा. कोकिळाबाईच्या नवऱ्याचा.

प्रोग्रॅम थांबवत थांबवत चालवला. त्याच्या कार्डावर आला, नाव पाहिलं, चाचणीच्या नावांत मिळालं, मेसेज न पाठवता पुढे गेला आणि लॉगमध्ये लिहून ठेवलं: पाठवला. मी शिकवलं होतं तस्संच. मग मिस्ड कॉलची वाट बघितली. आला नाही. जागा काढली, वेटिंगवर दिली. बाबांना.

बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव तेव्हा तुम्ही तोंडानं घेतलं असतं तर मला तिथेच कळलं असतं. नाही, हे काय लिहितेय मी. तिच्यावर कशाला ढकलतेय? इथे कोणी उखर्डू नसतो असं ठरवलं कोणी? बुधवाऱ्यात नसतो. नदीच्या त्या अंगाला असतो, केळीत राबतो, त्याच्या आईनं त्याला वाचवायला ते नाव ठेवलेलं असतं.

दुरुस्ती एका शब्दाची आहे. डिबग पुढचं "चालू" काढून "बंद" लिहायचं. संध्याकाळचे मेसेज जायला अजून वेळ होता. मी तो शब्द लिहिला. मग आतून बाबांचा खोकला ऐकू आला. उद्याची जागा गेली तर जळगाव, पहाटेची हवा थंड, रावेरचा रस्ता. आत्ता कुठे आडवे झोपायला लागलेत.

शब्द पुन्हा होता तसा केला. फक्त उद्याच्या पुरतं. त्या माणसाला शोभाताईंनी गुरुवारी मशीन दिलंय थोडं, एक पाळी निघेल. बुधवारी नक्की दुरुस्त करते.

थोड्या वेळानं बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला. आईनं पुन्हा साखर ठेवली.

२१ जानेवारी, सोमवार

बाबांबरोबर आईला पाठवलं. माझं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आई आल्यावर स्वयंपाक करता करता बोलत होती. ती शाहपूरची बाई आज पण आली होती. भांडली नाही. नवरा बाकावर नुसता तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. शोभाताई आज पण सोय करणार होत्या, पण एक मशीन बिघडलं. ते दोघं बसून राहिले आणि मग शाहपूरच्या गाडीनं परत गेले. "बिचारे," आई म्हणाली, "मिस्ड कॉल द्यायला काय होतं लोकांना?"

मला जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी

वामनरावांकडे गेले, सगळं सांगायचं ठरवून. ते स्वतःच सुरू झाले. शाहपूरच्या पेशंटची तक्रार आलीय, पण चिंता मत कर. "लॉग है ना अपने पास? त्यात लिहिलंय ना, पाठवला? मग चूक त्याची. प्रिंट काढून दे, फायलीला लावतो." मी म्हटलं, "सर, लॉगमध्ये..." ते म्हणाले, "हां?" तेवढ्यात त्यांना फोन आला. मी उभी राहिले. त्यांचं बोलणं संपलं तेव्हा मी प्रिंट काढून दिलेली होती.

थू माझ्यावर.

२३ जानेवारी, बुधवार

दुपारी चाचणीची सगळी नावं काढून टाकली. डिबग बंद केला. तीन तीनदा तपासलं. संध्याकाळी मेसेज गेले. कंपनीची पोच पाहिली: उखर्डू महाजन, मोबाइलवर पोचला. या वेळी खरंच पोचला.

मग मी स्क्रीनसमोर बसले, त्यांच्या मिस्ड कॉलची वाट बघत. आतल्या खोलीत आई बाबांच्या मोबाइलकडे बघत बसली होती. एका घरात दोघी, दोन वेगळ्या गोष्टी मागत. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांचा फोन वाजू नये म्हणून देवाला हात जोडले.

मिस्ड कॉल आला नाही. वेळ संपली. आत बाबांचा मोबाइल वाजला. या वेळी नियमानं, काही खोट नाही.

मग मीच त्यांच्या नंबरवर फोन लावला. आधीच लावता आला असता. रविवारी लावता आला असता. आता तो बंद होता.

२४ जानेवारी

बाबांबरोबर गेले. कोकिळाबाई आल्या नाहीत. शोभाताईंना विचारलं, आवाज साधा ठेवून. म्हणाल्या, मंगळवारी त्याला श्वास घेता येईना, गावकऱ्यांनी जीपमध्ये घालून जळगावला नेला. आता बरा आहे म्हणे, आयसीयूत आहे पण बोलतो. "तू कशाला तोंड पाडून बसलीस? तुझी काय चूक?"

बोलतो म्हणे. माझा जीव भांड्यात पडला. शोभाताईंना सांगणार आहे. ते परत आले की सगळ्यांसमोर सांगणार आहे, कोकिळाबाईंसमोर, वामनरावांसमोर. काम काढून घेतील तर घेऊ देत. बाबांना जळगावला नेऊ, रोज जाऊ हवं तर.

२६ जानेवारी

शेजारच्या शाळेत सकाळपासून लाऊडस्पीकर. जळगावची काही खबर नाही. शोभाताई फोन उचलत नाहीत, आज सुट्टी.

काय बोलायचं ते कागदावर लिहून पाहिलं. पहिलंच वाक्य जमत नाही. "नावात चूक झाली" असं लिहिलं. ते खरं नाही, रविवारची चूक नावात नव्हती. खोडलं.

२७ जानेवारी

बाबांनी विचारलं, तुझं काय बिनसलंय? म्हटलं, काम जास्त आहे. म्हणाले, "माझ्यामुळे तू इथे अडकलीस." या माणसाला मी काय सांगू? सांगितलं तर ते दुसऱ्या दिवशी मशिनीवर झोपणार नाहीत, मी ओळखून आहे त्यांना.

२८ जानेवारी, सोमवार

सकाळी शोभाताईंचा फोन. बाबांची जागा पक्की झाली. सोमवार-गुरुवार, आता वेटिंग नाही. शाहपूरचा तो महाजन शनिवारी जळगावच्या दवाखान्यात वारला.

आईनं मावा जिलबी मागवली. बाबांनी हात लावला नाही. कोणाची जागा, ते विचारलं. मी गाव सांगितलं. मग म्हणाले, "इतके दिवस त्याच्याच जागेवर झोपत होतो मी. त्याच्या दारावर जाऊन यायला हवं, त्याच्या बायकोपुढे दोन मिनिटं बसायला हवं. उद्या मला घेऊन चल."

मी हो म्हटलं.